सोपं दिसतं, म्हणून सहज सुचलं?

किराणा दुकानात शाम्पूच्या, मसाल्याच्या, लोणच्याच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. दुकानदार त्यातली एक पुडी तोडून देतो. आपण घरी नेतो, कात्रीनं कोपरा कापतो आणि रिकामी पुडी फेकून देतो. त्या पुडीत पाहण्यासारखं काही असेल, असं आपल्या मनातही येत नाही. पण ती ज्या यंत्रातून बाहेर पडते, त्या यंत्रावरून जगभर माणसं अर्ज करतात, हरकती घेतात, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. भांडणाचा मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो. यंत्रात केलेली ही नवी करामत खरोखर शोध आहे, की कुणाही जाणकार कारागिराला सुचली असती अशी किरकोळ दुरुस्ती?

आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. मी वकील नाही आणि इंजिनियरही नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ हे वाक्य ऐकण्याची सवय कवींना जितकी असते, तितकी फार थोड्यांना असेल. म्हणून हा कायद्याचा प्रश्न मला परका वाटत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. वर प्लास्टिकच्या पातळ फिल्मचं रीळ असतं. ती फिल्म एका गळपट्टीसारख्या वळणावरून खाली ओढली जाते आणि तिची नळी होते. नळीची उभी शिवण तापलेल्या पट्टीनं चिकटते. मग समोरासमोरचे दोन तापलेले जबडे नळीला आडवे दाबतात आणि तिचं तळाचं तोंड बंद होतं. वरून मोजून माल पडतो. नळी एका पुडीइतकी खाली सरकते आणि जबडे पुन्हा मिटतात. या एकाच दाबात खालच्या भरलेल्या पुडीचं वरचं तोंड बंद होतं आणि वरच्या रिकाम्या पुडीचा तळही तयार होतो. एका दाबात दोन कामं! मिनिटाला कितीतरी पुड्या अशा खाली पडत राहतात.

आता पेटंट म्हणजे काय? तो समाज आणि शोधक यांच्यातला एक सौदा आहे. शोधकानं आपली युक्ती कागदावर नीट उलगडून सांगायची. बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळ, आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा हक्क देतं. मुदत संपली की युक्ती सगळ्यांची. हा सौदा होण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात. वस्तू नवी हवी, उद्योगात उपयोगी पडणारी हवी आणि तिच्यात कल्पकतेची पायरी हवी. म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नसावी. पहिल्या दोन गोष्टी त्या मानानं लवकर तपासता येतात. आधी कुठं अशीच वस्तू होती का, हे शोधता येतं. ती चालते का, हे पाहता येतं. तिसरी गोष्ट मात्र मोजपट्टीनं मोजता येत नाही. खरी लढाई तिथंच होते.

आणि त्या लढाईत दोन्ही बाजूंना पणाला लागलेलं काही असतं. क्षुल्लक फेरफारावर पेटंट दिलं, तर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये चार माणसांना घेऊन पॅकिंग मशीन बनवणारा लहान कारखानदार अडकतो. त्याचे हात त्याला जे आपोआप सुचवत होते, तेच आता गुन्ह्यासारखं होतं. उलट खऱ्या शोधाला ‘यात काय विशेष’ म्हणून झिडकारलं, तर वर्षानुवर्षं डोकं झिजवणारा माणूस उघडा पडतो आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो. म्हणून ही रेघ कुठं ओढायची, याला फार महत्त्व आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक कारखानदार हळदीच्या पुड्या भरतो. हळद अतिशय बारीक. ती नळीत पडताना उडते आणि जिथं जबडे मिटणार, नेमकी त्याच जागी आतून चिकटते. मग सील नीट बसत नाही, पुडी सुटते, दुकानदार माल परत पाठवतो. कारखानदार एक लहानशी हातोडी बसवतो. जबडे मिटण्याच्या जरा आधी ती नळीला टिचकी मारते, चिकटलेली हळद खाली झडते आणि सील पक्कं होतं. तो पेटंटचा अर्ज करतो. त्याचा प्रतिस्पर्धी हरकत घेतो. म्हणतो, ‘यात शोध कसला? डब्यात पीठ भरताना घरातली बाई डबा ओट्यावर दोनदा आपटते. तेच हे!’

तुम्ही न्यायाधीश असता तर काय ठरवलं असतं? बहुतेकांचा कौल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं जाईल. पण जरा थांबा. कायदा सांगतो की असा थेट कौल द्यायचा नाही, पायरी-पायरीनं जायचं.

पहिली पायरी: हे कुणाच्या नजरेनं पाहायचं? न्यायाधीशाच्या नाही, अलौकिक संशोधकाच्या नाही आणि रस्त्यावरच्या माणसाच्याही नाही. कायद्यानं त्यासाठी एक काल्पनिक माणूस घडवला आहे. त्याला आपण जाणकार कारागीर म्हणू. या माणसाला त्याच्या धंद्यातलं जे जे छापलं गेलं, वापरात आलं, ते सगळं ठाऊक असतं. कुठल्याही देशातलं जुनं पेटंट त्यानं वाचलेलं असतं. हात तयार आहेत, अक्कलही बेताची पण ठीक आहे. मात्र प्रतिभेची ठिणगी त्याच्याकडे नाही.

दुसरी पायरी: तारीख. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, त्याच्या आदल्या दिवशी जगाला काय माहीत होतं, तेवढंच या कारागिराच्या टेबलावर ठेवायचं. नंतरचं काहीही नाही.

तिसरी पायरी: फरक. जुन्या यंत्रांत आणि या यंत्रात नेमकं काय वेगळं आहे, ते काढायचं. आपल्या उदाहरणात फरक एवढाच, की सील होण्याच्या आधी टिचकी आहे.

चौथी आणि शेवटची पायरी: तो फरक ओलांडण्याचं कारागिराला सुचलं असतं का? इथं एक बारीक भेद आहे. त्याला तसं करता आलं असतं का, हा प्रश्न नव्हे. हातोडी बसवणं कुणालाही जमेल. त्यानं ती बसवली असती का, बसवण्यासाठी त्याच्यासमोर काही कारण होतं का, असा खरा प्रश्न आहे. युरोपच्या पेटंट कार्यालयात या भेदावर फार भर असतो.

आता आपल्या हळदीकडे परत या. धंद्यातल्या पुस्तकांत आधीच लिहिलेलं असेल, की भुकटी चिकटली तर नळीला हलका धक्का द्यावा, तर प्रश्न मिटला. शोध नाही. पण समजा, चित्र उलटं आहे. सगळे जाणकार सांगत आले आहेत, की बारीक भुकटीला धक्का द्याल तर ती आणखी उडेल, सील अधिक बिघडेल. या माणसानं मात्र महिनोन्‌महिने खटपट करून शोधलं, की माल पडल्यावर अमुक इतक्या क्षणानं आणि अमुक इतक्याच जोरानं टिचकी दिली, तर भुकटी उडत नाही, झडते. आता तीच हातोडी वेगळी दिसू लागते. लोखंडाचा तुकडा तोच आहे. पण तो धंद्यातल्या समजुतीच्या विरुद्ध गेला आणि अपेक्षा नव्हती ते फळ घेऊन आला. डबा आपटणाऱ्या बाईला जागा करायची होती, धूळ बसवायची नव्हती. तिचा प्रश्न वेगळा होता.

म्हणजे वस्तू पाहून उत्तर मिळत नाही. तिच्या आदल्या दिवशीचं जग पाहून मिळतं.

आणि इथंच माणसाची मोठी अडचण आहे. उत्तर कळल्यावर प्रश्न सोपा वाटतो. कोडं सुटलं की ते कोडं राहत नाही. न्यायाधीशासमोर यंत्र येतं तेव्हा ते पूर्ण झालेलं असतं, चालत असतं. शेजारी वकिलानं जुनी चार पेटंटं मांडलेली असतात. एकातून जबडा, दुसऱ्यातून हातोडी, तिसऱ्यातून घड्याळाची चकती. ‘पाहा महाराज, सगळं आधीच होतं!’ होतं खरं. पण ते एकत्र आणण्याचं कुणाला सुचलं होतं? मागाहून आलेल्या या शहाणपणापासून सावध राहा, असं सगळ्याच देशांतली न्यायालयं स्वतःला बजावत असतात.

उर्दू काव्यशास्त्रात एक सुंदर संज्ञा आहे, सहल-ए-मुम्तना. म्हणजे असा शेर, जो इतका साधा वाटतो की ऐकणारा म्हणतो, हे तर मीही लिहिलं असतं. पण तो लिहायला बसला की कळतं, जमत नाही. शब्द रोजचेच असतात. नवं असतं ते त्यांचं जवळ येणं. चांगल्या यंत्राचंही असंच असतं. सोपेपणा हा पुष्कळदा शोधाचा शेवट असतो, सुरुवात नसते. मात्र प्रत्येक सोपा शेर सहल-ए-मुम्तना नसतो, हेही खरं. काही नुसतेच सोपे असतात!

याचं एक उदाहरण स्वीडनमधलं आहे. आज दूध आणि फळांचे रस ज्या कागदी खोक्यांतून मिळतात, त्या टेट्रा पॅकची सुरुवात तिथं झाली. कागदाची चार कोनी पुडी बनवण्याच्या कल्पनेचा पेटंट-अर्ज १९४४मध्ये झाला, १९५१मध्ये कंपनी उभी राहिली. कागदाची अखंड नळी करायची, ती दुधानं भरत राहायची आणि आडवं सील दुधाच्या पातळीच्या खाली, म्हणजे दुधातूनच मारायचं, ही तिच्यातली कळीची युक्ती. अशानं पुडीत हवा राहत नाही आणि भरणं थांबवावं लागत नाही. संस्थापक रूबेन रौसिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ती सुचवली, असं सांगतात. मांसाचे सॉसेज भरताना नळी भरत जातात आणि मध्ये-मध्ये आवळतात, तसंच दुधाचं का करू नये, हा त्यांचा प्रश्न. तापलेल्या जबड्यानं दूध करपेल, अशी जाणकारांची शंका होती. त्यावर त्यांनी विचारलं म्हणे, करून पाहिलंत का? सॉसेज स्वयंपाकघरात पूर्वीपासून होतं. दूध आणि कागदही होता. पण जाणकाराची समजूत आड उभी होती. ती ओलांडणं ही कल्पकतेची पायरी.

आता दुसऱ्या बाजूचं उदाहरण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६६मध्ये काही खटल्यांचा एकत्र निकाल दिला. त्यातला ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर हा नांगराच्या भागाचा खटला जास्त प्रसिद्ध आहे. पण त्याच निकालात कॅलमार आणि कुक केमिकल या कंपन्यांचं भांडणही होतं, आणि ते आपल्या विषयाचं. कुक कंपनी कीटकनाशकं विकायची. बाटलीबरोबर फवारा द्यायचा, तर तो वाटेत गळायचा, मोडायचा, दुकानातून नाहीसा व्हायचा. फवारा बाटलीलाच बसवून, गळती न होता, थेट ग्राहकापर्यंत पोचेल अशी रचना धंद्याला कित्येक वर्षं हवी होती. बरेच जण प्रयत्न करून थकले होते. कुककडे पेटंट असलेल्या रचनेनं ते साधलं. वरची टोपी फवाऱ्याचा दांडा खाली दाबून धरायची, आणि टोपीच्या आतली एक कड गळती रोखायची. माल धडाधड खपला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पेटंट वैध ठरवलं.

सर्वोच्च न्यायालयानं मात्र ते रद्द केलं. का? गळती रोखणारी तशीच कड आधीच्या एका पेटंटात होती. ते पेटंट फवाऱ्याचं नव्हतं, द्रव ओतायच्या तोटीचं होतं. कुकचं म्हणणं, तोटीचा आमच्याशी काय संबंध? न्यायालय म्हणालं, प्रश्न कीटकनाशकाचा नाही, बाटलीचं तोंड बंद करण्याचा आहे. असा प्रश्न पडलेला माणूस तोटीकडेही पाहील. आधीच्या लोकांचे प्रयत्न फसले होते, हे खरं. पण ते तोटीचं पेटंट जगासमोर येण्याआधीचे होते. पेटंट कार्यालयाच्या कपाटात उत्तर पडलेलं असताना ते कुणी उघडून पाहिलं नाही, म्हणून शोध सिद्ध होत नाही.

या निकालानं तपासाची जी चौकट आखून दिली, ती अमेरिकेत अजून पाया मानली जाते: आधी काय होतं, फरक काय, त्या धंद्यातल्या माणसाची पातळी काय. जोडीला खप, दीर्घकाळची गरज, इतरांचं अपयश हे पुरावेही पाहायचे. ते साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. पुढं २००७मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात त्याच न्यायालयानं आणखी बजावलं, की जाणकार कारागीर म्हणजे चावीचं खेळणं नव्हे. दोन ओळखीच्या वस्तू जोडून अपेक्षित तेच फळ मिळत असेल, तर त्यालाही ते सुचेल, एवढी साधी कल्पकता त्याच्यात धरावी. म्हणजे आपल्या काल्पनिक माणसाला तिथं थोडी अक्कल वाढवून मिळाली. त्यामुळे शोधकाचं काम अधिक कठीण झालं.

आपल्या देशातलं याबाबतचं मूळ उदाहरण भांड्यांचं आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनतात. लेथवर भांडं फिरवून त्याला घासून झळाळी आणताना ते सुटून उडायचं, कामगाराला इजा होण्याचा धोका असायचा. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भागीदारी संस्थेतल्या एकानं भांडं पक्कं धरून ठेवण्याची रचना केली. तिचं पेटंट डिसेंबर १९५१पासून लागू झालं. गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या संस्थेशी त्यावरून वाद झाला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं. एका न्यायमूर्तींनी पेटंट नाकारलं, खंडपीठानं ते मान्य केलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७८मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, पेटंट नामंजूर केलं. लेथ जुना, त्याची दोन्ही टोकं जुनी, टोकानं दाबून धरण्याचं तत्त्वही जुनं. जुळवणीत जे थोडं वेगळं होतं, ती कारखान्यातली नेहमीची सुधारणा होती, शोध नव्हता. जुन्या गोष्टींची जुळवणी पेटंटयोग्य ठरायची, तर ती अशा सुधारणेहून अधिक काही असली पाहिजे, हे तत्त्व तिथून रूढ झालं. आजही आपल्याकडच्या निकालांत मिर्झापूरच्या त्या भांड्याचा उल्लेख येतो.

या निकालाविषयी माझ्या मनात दोन भावना आहेत. कामगाराच्या अंगावर उडणारं भांडं थांबलं, ही चांगलीच गोष्ट. मग ती करणाऱ्याला काही मिळू नये? पण दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर गावातल्या इतर कारखान्यांतल्या कामगारांच्या अंगावरही भांडी उडतच होती. जी सुधारणा कुठल्याही हुशार टर्नरच्या हातून झाली असती, तिच्यावर एकाची मालकी मानली असती, तर बाकीच्यांनी काय करायचं होतं? चांगलं काम आणि शोध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्याला दाद द्यावी. मक्तेदारी मात्र दुसऱ्यालाच.

आपला सध्याचा कायदा १९७०चा आहे. त्यात पुढं बदल झाले. २००५पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार कल्पकतेच्या पायरीत आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि एवढं असूनही ती जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी. शिवाय कलम ३मध्ये एक वाक्य यंत्रवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे. त्याचा आशय असा, की ओळखीची साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली, प्रत्येक आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नव्हे. पुडी भरणारं यंत्र आणि पुडीवर तारीख छापणारं यंत्र एका चौकटीवर बसवलं, तर सोय झाली. पण छापण्याच्या धक्क्यानंच सील पक्कं होत असेल, दोघं मिळून तिसरं काही घडवत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट सामान्य माणसाच्या कामाची आहे. पेटंट मिळण्याआधी प्रसिद्ध झालेल्या अर्जावर कुणीही हरकत घेऊ शकतो. त्यासाठी मोठी कंपनी असण्याची गरज नाही. ‘ही युक्ती आमच्या धंद्यात आधीपासून आहे,’ असं पुराव्यानिशी दाखवता आलं की पुरे. पेटंट मिळाल्यावरही एक वर्षाच्या आत हितसंबंधी माणसाला विरोध करता येतो.

आपल्याकडं जुगाडाचं फार कौतुक होतं. वर्कशॉपमध्ये रोज काहीतरी नवं जोडलं जातं. त्यातलं बरंचसं हुशारीचं असतं, शोधाचं नसतं. काही थोडं मात्र खरोखर शोधाचं असतं, आणि ते करणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. अशा माणसानं दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, आधी अर्ज करावा आणि मग यंत्र प्रदर्शनात मांडावं. आधीच जगाला दाखवलं तर नवेपणच जाण्याची भीती असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जे जमलं, त्याच्याबरोबर जे जमलं नाही, तेही तारीखवार लिहून ठेवावं. टिचकी आधी किती जोरात मारली, हळद कशी उडाली, किती फिल्म वाया गेली, जाणकार काय म्हणून हसले. उद्या कुणी विचारलं, की यात काय विशेष, हे तर कुणालाही सुचलं असतं, तर झकास चालणारं यंत्र त्याच्या बाजूनं फारसं बोलणार नाही. ते फार सोपं दिसेल. फसलेल्या प्रयत्नांची ती मळकी वहीच त्याच्या बाजूनं बोलेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)